खूण नसलेला दात

दातवाल्या काकूंना इंटर्न हवी होती, पण का हवी होती हे कुणाला कळायला नको होतं. खरं कारण त्यांच्या उजव्या हातात होतं. गेल्या वर्षापासून त्या हाताला कंप सुटला होता. आधी नुसता अंगठा थरथरायचा, मग मनगटही त्याला सामील झालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि फार गोड आवाजात सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार. डॉक्टर एवढे गोड बोलायला लागले की काही खरं नाही, हे काकूंना लगेच कळलं.

काकूंचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. त्या मापावरून प्लॅस्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि तिच्यात एकेक दात बसवत जायचा. दाढांचं एक वेळ चालून जातं, पण समोरचे दात म्हणजे जिवाला घोर. त्यातला एक दात जरा जरी कलला, तरी वर्षानुवर्षांच्या ओळखीचा माणूस हसताना परका दिसायला लागतो. काकूंनी बसवलेले दात मात्र माणसाला त्याचं स्वतःचं हसू परत द्यायचे, आणि त्या एका गोष्टीवर त्यांची लॅब उभी होती. लॅब म्हणजे तरी काय, घराच्या मागच्या अंगाला असलेली एक लांबट खोली. एका भिंतीला ओटा, ओट्यावर स्पिरिटचा दिवा, कोपऱ्यात प्लॅस्टरनं पांढरं पडलेलं सिंक, आणि फडताळात दात विचकून बसलेले जबडे. नवीन माणूस पहिल्यांदा आत आला की दारातच थबकायचा.

हाताचं बाहेर कळलं असतं तर डॉक्टरांनी तोंडावर सहानुभूती दाखवली असती आणि काम दुसरीकडे पाठवलं असतं. त्यात त्यांची चूकही नव्हती. काकू त्यांच्या जागी असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं. म्हणून काकू कोपर ओट्याला घट्ट टेकवून काम करायच्या, चांगल्या दिवशी पुढचे दात उरकून घ्यायच्या आणि वाईट दिवशी पॉलिशचं यंत्र चालू करायच्या. त्या यंत्रापुढे बसलेल्या कुणाचेही हात थरथरतातच.

घरात दुसरं माणूस एकच, वन्सं. काकूंच्या नवऱ्याची ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर या दोघी एका छपराखाली राहिल्या आणि बघता बघता लॅबही दोघींची झाली. फोन, पॅकिंग, डॉक्टरांकडची वसुली हे खातं वन्संचं. त्यांनी आयुष्यात एक दात बसवला नव्हता, पण वाईट बसलेला दात त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. हल्ली एकच गोष्ट काकूंना खटकत होती. वन्संनी चहाला हात आखडता घेतला होता. काकूंच्या कपात त्या अर्धाच चहा ओतायच्या. कंजूषपणा म्हातारपणी उफाळून येतो म्हणतात ते हेच, असं समजून काकू गप्प राहायच्या आणि उरलेला चहा दुसऱ्यांदा मागून घ्यायच्या.

"काम वाढलंय. कवळ्यांचं काम शिकवतात त्या संस्थेतून एखादी इंटर्न घेऊ या," काकू एकदा म्हणाल्या.

"कुठे वाढलंय? बिलं मी करते," वन्सं म्हणाल्या. मग सुनेकडे बघावं तसं भावजयीकडे जरा वेळ बघून त्यांनीच फोन उचलला. "पाठवतो म्हणालेत सर. तिघं जण. जागा मात्र एकच आहे असं मी सांगितलंय."

इंटर्न निवडायची या लॅबची एक रीत होती. काकूंच्या नवऱ्यानं ती पाडलेली. आलेल्या प्रत्येकाला मेणाची एक कांडी द्यायची आणि त्यातून वरचा समोरचा दात कोरायला सांगायचं. मालकानंही त्यांच्याच रांगेत बसून एक दात कोरायचा. ज्याला दुसऱ्याचं जोखायचं आहे त्यानं आधी स्वतःचं काम मांडावं, असं त्याचं म्हणणं. प्रत्येकानं दाताच्या बुडाशी आपली खूण कोरायची. मग सगळे दात एका ट्रेमध्ये मिसळायचे आणि वन्संनी ते चांगल्यापासून वाईटापर्यंत ओळीनं लावायचे, खूण न बघता. मालकाचा दात पहिला यायचाच. तो लॅबच्या काचेच्या कपाटात जायचा, आणि बाकीच्यांत जो वरचा असेल त्याला जागा मिळायची. नवऱ्याच्या मागे ही रीत काकूंनी चालवली, आणि त्यांचाही दात आजवर पहिलाच आला होता.

"यंदा मी नाही बसत," काकूंनी सहज म्हणून बघितलं.

"का? अंगात ताप आहे?" वन्संनी विचारलं. काकू बसल्या.

तिघं आले. वन्संना माणसाचं नाव लक्षात ठेवायचा कंटाळा, त्यामुळे त्या दारातच बारसं उरकून टाकायच्या. एक मुलगा आल्यापासून बोलत होता, तो रेडिओ. दुसऱ्यानं चपला काढता काढता तोंडाचा आ केला, तो जांभई. आणि एक मुलगी इतकी पाय न वाजवता आत आली की ती कधी येऊन बसली हे कुणाला कळलंच नाही, ती मनी.

काकूंनी सकाळी गोळी घेतली होती, पण तो दिवस वाईट निघाला. कोपर ओट्याला टेकवलं, डाव्या हातानं मनगट धरलं, तरी कोरणी मेणावर सरळ फिरेना. दाताची कड जिथे गुळगुळीत उतरायला हवी तिथे बारीक बारीक पायऱ्या पडल्या. एक पुसायला गेल्या तर शेजारी दुसरी उमटली. इतक्या वर्षांत त्यांना कधी कोरणीची भीती वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. रेडिओ शेजारी बसून आपल्या मामाच्या कवळीची गंमत सांगत होता. काकू मान हलवत होत्या आणि मानेबरोबर हातही हलत होता.

वेळ संपली तेव्हा मनी अजून कोरतच होती. तिचं नाक दाताला लागायच्या बेतात होतं.

"पुरे आता, दे इकडे," म्हणत काकूंनी तो दात तिच्या हातातून घेतला.

"काकू, खूण..." ती एवढंच म्हणाली. पण तोवर काकू ट्रे घेऊन सिंकपाशी गेल्या होत्या. मेण गार पाण्यातून काढायचं असतं, म्हणजे हाताळताना मऊ पडत नाही.

नळाखाली चारही दात धरल्यावर काकूंना एका नजरेत कळून चुकलं. तीन दात एकीकडे आणि त्यांचा स्वतःचा एकीकडे. आता वन्सं तो शेवटी ठेवणार. बुडाशी काकूंची खूण, म्हणजे गोल, निघणार. ही तिघं संध्याकाळच्या आत ते संस्थेत सांगणार, संस्थेतले सर डॉक्टरांना सांगणार, आणि मग लॅबला कुलूप. शेजारी मनीचा दात होता. तो इतका देखणा होता की काकूंना क्षणभर वाटलं, हा आपणच कोरला असता. म्हणजे दोन वर्षांपूर्वी कोरला असता. त्याच्या बुडाशी काहीच नव्हतं.

पुढचं त्यांनी ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण नकळत झालं असंही नाही. नखानं त्यांनी आपल्या दाताखालचा गोल घासून टाकला, आणि सुईनं मनीच्या दाताखाली गोल कोरला. गंमत म्हणजे एवढ्या वेळेपुरता हात मुळीच थरथरला नाही.

वन्संनी दात ओळीनं लावले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी त्या थांबल्या. तो त्यांनी उचलला, उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला आणि परत उचलला. मग तो ओळीच्या टोकाला ठेवला. पहिला उलटा केला, गोल निघाला. "हा मालकिणीचा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. दुसऱ्याखाली रेडिओची खूण, तिसऱ्याखाली जांभईची. चौथ्याखाली काहीच नाही.

"हा माझा?" मनीनं विचारलं.

त्या वेळीसुद्धा काकूंना बोलता आलं असतं. "खूण करायची राहिली ना तुझी," त्या म्हणाल्या.

मनीनं तो दात बोटात धरून चहूबाजूंनी फिरवून बघितला. मग कपाटात चाललेल्या पहिल्या दाताकडे बघितलं. "हो," ती म्हणाली, "राहिली." आणि आली तशीच, पाय न वाजवता गेली. रीतीप्रमाणे दुसरा आणि तिसरा दात मुलांना देऊन टाकले आणि चौथा संस्थेत सरांकडे गेला. शेवटच्या नंबराला कुठे कमी पडलं हे सरांनी समजावून सांगावं, म्हणून ती सोय होती.

जागा रेडिओला मिळाली. मुलगा वाईट नव्हता. प्लॅस्टर झकास ओतायचा, सिंक न सांगता घासायचा आणि वन्संना हसवायचा. पण पुढचे दात बसवायला घेतले की त्याची सगळी घाई त्या दातांत उतरायची. आणि रोज सकाळी आल्या आल्या तो कपाटासमोर उभा राहायचा.

"काकू, हा तुमचा दात म्हणजे कमाल आहे. ही कड अशी कशी उतरवलीत? एकदा माझ्यासमोर कोरून दाखवा ना."

"दाखवीन," काकू म्हणायच्या. कधी वेळ नसायचा, कधी मेण नसायचं, कधी चष्मा सापडायचा नाही. त्या कपाटाकडे पाठ करून बसायला लागल्या. स्वतःच्याच लॅबमध्ये त्यांना चोरासारखं वाटत होतं, आणि वाटणारच, कारण चोरी त्यांनीच केली होती. वर आणखी मूर्खपणा असा की जे हात हवे होते म्हणून एवढा खटाटोप केला, तेच हात त्यांनी घरी पाठवले होते.

एका दुपारी हिरड्यांना रंग देता देता रेडिओ म्हणाला, "मनीनं कोर्स सोडला, कळलं का?"

काकूंचा ब्रश थांबला. "का?"

"सरांनी तिचा तो दात वर्गात फिरवला. प्रत्येकाच्या हातात दिला. म्हणाले, नीट बघून घ्या, कच्चा हात म्हणजे काय ते. हसले सगळे. मीही हसलो जरा." तो ओशाळला. "दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मावशीच्या लाँड्रीत बसते आता."

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पित्त झालंय, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाँड्री शोधून काढली.

दुकान अरुंद होतं. मागे एक बाई वाफेची इस्त्री चालवत होती, ती मावशी असणार. पुढे काउंटरवर मनी शर्टांच्या घड्या घालत होती. घडी अशी की कडेला कड जुळलेली, एक धागा इकडे तिकडे नाही.

"काकू? कपडे टाकायचेत?"

"नाही गं. तुझ्याशी बोलायचंय." काकू काउंटरला टेकल्या. "कोर्स का सोडलास?"

मनीनं हातातली घडी पुरी केली. "मला त्या दिवशी वाटलं होतं, माझा दात छान झालाय. खरंच वाटलं होतं. मग तो तुमच्या ट्रेमधून असला निघाला. वाईट कोरला त्याचं काही नाही, काकू. शिकता येतं. पण मला आपलं वाईट काम चांगलं दिसत होतं. म्हणजे डोळाच खोटा. असल्या माणसानं दुसऱ्याच्या तोंडात कशाला हात घालायचा?"

ती रागावली असेल, आपल्याला चार शब्द ऐकवेल, अशी तयारी करून काकू आल्या होत्या. याची तयारी मात्र त्यांनी केली नव्हती. पोरीनं एकदाही त्यांच्यावर संशय घेतला नव्हता. तिनं सगळा संशय स्वतःवर घेतला होता.

"जो पहिला आला ना, तो तुझा होता," काकू म्हणाल्या. "शेवटचा माझा. मी खूण बदलली."

मनी कसनुसं हसली. "माझी समजूत काढायला आलात होय. राहू द्या, काकू."

मग काकूंनी ते केलं जे त्यांनी आजवर कुणासमोर केलं नव्हतं. पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि काउंटरवरच्या शर्टांच्या गठ्ठ्यावर मोकळा सोडला. धरला नाही, दाबला नाही. सगळ्यात वरच्या शर्टाची कॉलर हलायला लागली. मनीनं आधी कॉलरकडे बघितलं, मग हाताकडे, आणि बराच वेळ तिथेच बघत राहिली. मागे इस्त्रीची वाफ सुटत होती.

"त्या दिवशी का नाही बोललात?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"कळलं असतं तर काम गेलं असतं माझं."

"माझं गेलं," मनी म्हणाली.

काकूंनी हात मागे घेतला. "तू परत ये. माझ्याकडे ये. मी शिकवीन तुला, मला येतं तेवढं सगळं."

"मला शिकवू नका. संस्थेत येऊन सांगा. सरांनी तो दात वर्गात फिरवला होता, एकेकाच्या हातात देऊन. तेव्हा सांगायचं तर वर्गातच सांगा." तिनं हललेली कॉलर नीट केली. "नाही जमलं तरी चालेल. मी कुणाला काही बोलणार नाही."

ते शेवटचं वाक्य काकूंना फार लागलं. घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. स्वयंपाकघरात वन्सं चहा ओतत होत्या. काकूंचा कप अर्धा झाला आणि त्यांनी भांडं उचललं.

"भरा की पूर्ण," काकू त्राग्यानं म्हणाल्या. "एवढी काय काटकसर?"

वन्संनी भांडं खाली ठेवलं. "भरला की सांडतो तुझ्याकडून. आणि सांडला की तू दिवसभर तोंड पाडून बसतेस."

काकू अर्ध्या कपाकडे बघत राहिल्या. इतके महिने हा कप त्यांच्यासमोर येत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एका घरात राहतो आपण. आणि तो चौथा दात तुझा, हेही मला माहीत होतं. कड कशीही पडली तरी दाताचा खांदा तू कसा उतरवतेस ते मी ओळखत नाही होय? वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. नाही बोललीस. मग मीही मूग गिळून बसले. लॅब बुडाली तर या वयात जायचं कुठे, हाच विचार केला." वन्संनी पदरानं नाक पुसलं. "त्या पोरीचं नुसतं तुझ्या डोक्यावर नाही. अर्धं माझ्या आहे."

चहा गार झाला. सकाळी काकू उठल्या तेव्हा वन्सं बाहेर जायची साडी नेसून तयार होत्या, आणि कपाटातला दात त्यांनी कापसात गुंडाळून घेतला होता.

संस्थेतला वर्ग भरलेला होता. सर म्हणजे भला माणूस, जरा मोठ्यानं बोलणारा. काकूंनी काय सांगायचं ते सांगितलं. मागच्या बाकावर मनी येऊन बसली होती. वन्संच्या सांगण्यावरून तिला रेडिओनं गाठून आणलं होतं आणि तो पहिल्यांदाच गप्प होता.

सर हसले. "काकू, पोरीचं वाईट वाटलं म्हणून तुम्ही आळ अंगावर घ्याल, तुमचा स्वभावच तसा. पण तुमचा हात आम्ही ओळखतो. अहो, आम्ही तुमचं उदाहरण देतो इथे."

"मेण द्या," काकू म्हणाल्या.

टेबलापाशी बसून त्यांनी कांडी हातात घेतली. आज त्यांनी कोपर टेकवलं नाही, मनगट धरलं नाही. कोरणी मेणावर कुरकुर वाजत वेडीवाकडी फिरत राहिली. पोरं आधी माना उंच करून बघत होती, मग एकेकानं मान खाली घातली. सरांनी खणातून तो वर्गात फिरवलेला दात काढला आणि काकूंच्या हातातल्या मेणाशेजारी धरला. त्याच पायऱ्या होत्या. सर म्हणाले, "मग डॉक्टरांची कामं... ती आता..."

"त्यांना मीच सांगणार आहे. आजच." आणि त्यांनी सांगितलंही. पुढे काहींनी काम काढून घेतलं, काहींनी ठेवलं. पण त्या घडीला काकूंना डॉक्टरांची फिकीर नव्हती. त्या मागच्या बाकाकडे बघत होत्या.

सरांचं मन अजून पुरतं मानत नव्हतं, की वर्गासमोर चुकल्याचं त्यांना जड जात होतं कोण जाणे. त्यांनी वन्संच्या हातून कापसातला दात घेतला. टेबलावर वर्गातल्या मुलांनी कोरलेल्या दातांचा ट्रे होता. त्यात तो टाकून त्यांनी ट्रे चांगला हलवला. "तिचा असेल तर तिनं ओळखावा," ते म्हणाले.

मनी उठली. ट्रेपाशी आली. सगळे दात पांढरे, सगळे एकाच मापाचे. तिनं ते चिवडले नाहीत की एकही उलटा करून बघितला नाही. सरळ हात घातला आणि आपला दात उचलला. सरांनी तो तिच्या तळहातावर उलटा केला. खाली गोल होता.

"सोमवारी येशील माझ्याकडे?" काकूंनी विचारलं. विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

"नाही, काकू," मनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकूंना जास्त लागलं. "सर दुसरी लॅब बघून देतील."

सरांनी घाईघाईनं मान डोलावली. मनी जागेवर जायला वळली, तशा वन्सं पर्समधून सुई काढून पुढे झाल्या.

"अगं, तो गोल खोड आणि आता तरी तुझी खूण कर त्याच्यावर."

मनीनं दात मुठीत घेतला.

"कशाला?" ती म्हणाली. "मला ओळखू येतो."